चव्वेचाळीस नंबरचं पहिलं पाऊल

केझाया पेटवेने वयाच्या सोळाव्या वर्षी त्रेचाळीस पानांचा एक अहवाल लिहिला आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या यंत्रावर स्वतःच्या हातांनी त्याला काळी स्पायरल घातली. वर ठळक अक्षरांत: 'ओडिस पेटवे, नंबर ४४, टॅलूगा स्टेट. सखोल आणि निःपक्षपाती मूल्यमापन.' 'निःपक्षपाती'च्या खाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. ओडिस तिचा सख्खा थोरला भाऊ होता, तेव्हा कुणाला उगाच शंका नको.

टॅलूगा स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात ओडिसचं काम सांगायला सोपं होतं. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात उचलतो, तो फेकायच्या आत त्याला गाठायचं आणि गवतावर झोपवायचं. वाटेत टॅकल म्हणून एक दीडशे किलोचा माणूस उभा असतो. त्याला वळसा घालून, ढकलून, चकवून, कसंही करून पलीकडे जायचं, आणि हे सगळं तीन सेकंदांत. सरत्या हंगामात ओडिसने अकरा वेळा असं कुणाला ना कुणाला झोपवलं होतं. त्यामुळे टॅलूगाच्या किराणा दुकानात केझायालासुद्धा लोक रांगेत पुढे जाऊ देत. हे ओडिसमुळे होतं की तिच्या अहवालाची बातमी पसरल्यामुळे, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. अहवालामुळेच.

आता प्रश्न होता पुढचा. ओडिसचा कॉलेजचा तिसरा हंगाम संपला होता, चौथा बाकी होता. व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, नाव द्यायचं असेल तर मुदत सोमवारी दुपारी चारपर्यंत. एकदा नाव दिलं, एजंटच्या कागदावर सही केली, की कॉलेजच्या संघाचं दार बंद. मग संघांनी निवडलं तर निवडलं, नाहीतर एकविसाव्या वर्षी घरी बसा आणि आईबरोबर टीव्हीवर दुसऱ्यांचे सामने बघा.

लीगची एक समिती असते, ती अशा पोरांना आपलं मत कळवते. पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा सरळ 'कॉलेजात राहा'. ओडिसला पत्र आलं होतं, 'राहा.'

"झोपेत बघितली असेल फिल्म त्यांनी," केझाया म्हणाली होती. "माझा अहवाल वाच. प्रकरण चौथं."

प्रकरण चौथं म्हणजे अहवालाचा मुकुट. त्यात तिने ओडिसचं पहिलं पाऊल मोजलं होतं. खेळ सुरू करायला मधोमध वाकून क्वार्टरबॅकला चेंडू देतो तो सेंटर. त्याच्या हातातला चेंडू हलला, की त्या चित्रापासून ओडिसचा पुढचा पाय उचलला जाईपर्यंत किती चित्रं जातात, हे लॅपटॉपवर एकेक चित्र सरकवत. सेकंदाला साठ चित्रं. बाकीच्यांना दहा, बारा, चौदा लागत. ओडिसला सहा! तिने तो आकडा तीन वेळा मोजला, मग लाल शाईत लिहिला, मग त्याभोवती चौकट काढली, आणि मग चौकटीला सावली दिली.

ओडिसने ते प्रकरण वसतिगृहातल्या आपल्या खाटेवर आडवं पडून वाचलं. केझाया सहा वर्षांची असल्यापासून त्याचे सामने बघत होती, नवव्या वर्षापासून चित्रित करत होती. आपल्याबद्दल तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं असं त्याला खरंच वाटे. आणि हे आपल्याला वाटतं, असं त्याने एकदा तिला सांगण्याची घोडचूकही केली होती.

"केझ," तो फोनवर म्हणाला होता, "तू म्हणतेस पहिली फेरी?"

"पहिल्या फेरीचा उत्तरार्ध," ती म्हणाली. "उगाच फुगवून सांगणाऱ्यातली मी नाही."

ड्राफ्टच्या दिवशी घालायचा पिवळा झगा तेव्हा तिच्या कपाटात टांगून तयार होता.

अहवालाची मनापासून स्तुती केली होती ती मिस्टर ट्रस्कॉट यांनी. ते एजंट. अटलांटाहून गाडीने येत, बूट असे चमकवून की त्यात आपले दात दिसावेत. "मिस केझाया, तुझ्याकडे नजर आहे," ते म्हणाले होते. "माझ्या कचेरीतल्या माणसांना असं काम जमत नाही." केझाया त्या दिवशी हरभऱ्याच्या झाडावर जी चढली ती आठवडाभर खाली उतरली नाही. तिचा अहवाल आवडलेला सबंध राज्यातला एकमेव माणूस तोच होता, ज्याला ओडिसची सही हवी होती, ही गोष्ट तिच्या धारदार नजरेला दिसली नाही.

फक्त एक मोहर बाकी होती. मिस्टर लोमॅक्स यांची.

मिस्टर लोमॅक्स एकतीस वर्षं एका व्यावसायिक संघासाठी गावोगावची पोरं बघत हिंडले होते आणि आता टॅलूगात परत येऊन गॅरेजमध्ये लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत. शनिवारी सकाळी केझाया अहवाल आणि लॅपटॉप काखेत मारून तिकडे गेली. मनात तिने त्यांचं वाक्यही ठरवून ठेवलं होतं. 'पोरी, हे मी लिहायला हवं होतं.' साधारण असं.

"किती पानं?" त्यांनी विचारलं. हात तेलाने काळे, शेजारी कागदी पिशवीत उकडलेल्या शेंगा.

"त्रेचाळीस, सर."

"मी कुणावरही दीड पानापेक्षा जास्त लिहिलं नाही."

"तुमच्या वेळी लॅपटॉप नव्हते ना, सर," केझाया समजूत घालत म्हणाली.

मिस्टर लोमॅक्सनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पान उलटलं. अजून एक उलटलं.

"हाताची लांबी साडेचौतीस इंच?"

"हो सर! मी स्वतः मोजली. आईच्या शिवणाच्या टेपने."

"माझ्यावर दाखव बघू."

केझायाने उत्साहाने टेप काढली, कारण असल्या प्रसंगासाठी ती पिशवीतच असे, आणि टेपचं टोक त्यांच्या मानेच्या मुळाशी लावलं.

"पोरी, हात कुठून सुरू होतो?"

"अं... इथून?"

"खांद्याच्या हाडापासून. तू भावाला गळ्यासकट मोजलंयस." त्यांनी शेंग फोडली. "एकतीस-बत्तीस भरेल. आखूड आहे. याचे हात पोचायच्या आधी टॅकलचे हात याच्या छातीवर पोचणार."

केझायाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण एक प्रकरण म्हणजे काही सगळा अहवाल नव्हे! तिने धीटपणे चौथं प्रकरण उघडून त्यांच्यापुढे धरलं.

इथे मात्र मिस्टर लोमॅक्स थांबले. शेंगही तशीच हातात राहिली.

"सहा?"

"सहा, सर." तिने आवाज शक्य तितका विनम्र ठेवला. फारसा जमला नाही.

"डोळ्याने बघायचं, डोक्याला कळवायचं, डोक्याने पायाला सांगायचं. या निरोपानिरोपीलाच माणसाला दहा-बारा चित्रं लागतात. सहात जो सुटतो, तो चेंडू बघून सुटत नाही. आधी दुसरंच काहीतरी बघतो. काय बघतो?"

केझायाने विचार केला. "ती प्रतिभा असेल, सर."

"हं. बाहेरगावचे सामने कुठंयत?"

बाहेरगावचे पाच सामने पान एकतीसच्या तळटिपेत होते. 'निकृष्ट चित्रीकरणामुळे वगळले.' म्हणजे ते टीव्हीवाल्यांनी चित्रित केले होते, केझायाने नाही. घरच्या मैदानावरचे सात सामने तिने स्वतः गोलपोस्टमागच्या पायऱ्यांवरून घेतले होते, आणि तिच्या मते जगात तेवढंच चित्रीकरण विश्वासार्ह होतं.

"आणि हे घरचे. यात आवाज आहे?"

"आहे, पण मी बंद ठेवते."

"का?"

हे सांगणं अवघड होतं. कॅमेरा तिच्या हातात असे आणि तोंड कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर. सामना सुरू झाला की त्या तोंडाचं काय होतं हे केझायाने एकदाच ऐकलं होतं. दारात शेपटी अडकलेल्या मांजरासारखं काहीतरी. त्यानंतर आयुष्यभर ती आवाज बंद करूनच फिल्म बघत आली होती.

"एकाग्रतेसाठी, सर," ती म्हणाली.

"चालू कर आणि बघ. बाहेरगावचेही बघ." त्यांनी अहवाल परत दिला, वर मूठभर शेंगा ठेवल्या. "तुझं चौथं प्रकरण चांगलं आहे. आकडा खरा आहे. तो कशाचा आहे ते तुला माहीत नाही, एवढंच."

त्या दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर केझायाने पहिल्यांदा आवाज चालू केला. आई शेजारी रविवारच्या चर्चचे कपडे इस्त्री करत होती. पहिल्याच किंकाळीला तिने इस्त्री उचलून धरली.

"कोण मेलं?"

"कुणी नाही, आई. ती मी आहे."

"देवा! आणि मी शेजारच्या पोरांना बडबड्या म्हणते."

केझायाने दात खाऊन पुढे बघितलं. घरच्या मैदानावर बावन्न हजार माणसं. पाहुण्या संघाकडे चेंडू आला की ती सगळी बोंब ठोकत, पाय आपटत, घंटा वाजवत. तेच तर त्यांचं काम. इतका गदारोळ की पाहुण्या क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्या स्वतःच्या माणसांना ऐकू जात नाही. मग ते मुक्याने खेळतात. सेंटरच्या शेजारचा माणूस मागे वळून बघतो, क्वार्टरबॅक तयार दिसला की सेंटरला चापट मारतो. सेंटर मान वर करतो, मनात एक मोजतो, चेंडू मागे देतो.

मान वर. एक. चेंडू.

आणि ओडिस? ओडिसची नजर चेंडूवर नव्हतीच. हेल्मेटच्या जाळीतून तो सेंटरच्या मानेकडे बघत होता. मान वर झाली की तोही मनात एक मोजत होता आणि सुटत होता.

"चेंडू हलायची वाट बघतोय कोण," केझाया पुटपुटली.

मग बाहेरगावचे सामने. तिथे प्रेक्षक स्वतःच्या क्वार्टरबॅकला ऐकू यावं म्हणून गप्प बसतात, चर्चमध्ये बसावं तसे. तो मोठ्याने ओरडून इशारा देतो, कधी पहिल्या हाकेला चेंडू, कधी तिसऱ्या. मान वर करण्याची गरजच नाही. केझायाने चित्रं मोजली. बारा. तेरा. चौदा. तेरा. टीव्हीची चित्रं सेकंदाला कमी असतात असं आठवून तिला एकदम आशा वाटली आणि तिने हिशेब पुन्हा केला. ती फाईलही साठाचीच होती. तेरा ते तेराच राहिले.

मग तिने अहवाल उघडला आणि आपणच लिहिलेली वाक्यं वाचायला लागली, एखाद्या आगाऊ अनोळखी मुलीची वाचावी तशी.

अकरापैकी नऊ वेळा क्वार्टरबॅक घरच्या मैदानावर पडला, बाहेरगावी दोनदाच. तिची टिप्पणी: 'परक्या मैदानांवरचे संघ घाबरून चेंडू फेकतच नाहीत.' सप्टेंबरमधल्या एका दुबळ्या संघाविरुद्ध उत्तरार्धात ओडिस अचानक मंद. टिप्पणी: 'दया.' खरं म्हणजे त्या दिवशी सामना इतका एकतर्फी झाला होता की अर्धे प्रेक्षक उठून बार्बेक्यू खायला गेले होते आणि मैदान शांत होतं. नोव्हेंबरमधल्या शेवटच्या घरच्या सामन्यात चेंडू हलायच्या आधीच ओडिस तीनदा रेषेपलीकडे गेला आणि दंड झाला. टिप्पणी: 'पंचांचा उघड पक्षपात.' आता नीट दिसत होतं. तो समोरचा सेंटर पक्का होता. मान वर करून कधी एक मोजत होता, कधी तीन. ओडिस प्रत्येक वेळी एकवरच सुटत होता.

व्यावसायिक लीगमधले सेंटर सगळे असेच असतात. केझायाला ते ठाऊक होतं. तेवढं मात्र तिला खरोखरच ठाऊक होतं.

तिने लॅपटॉप मिटला. मग एक फार वाईट विचार तिच्या मनात आला आणि तो बराच वेळ खुर्चीत पाय पसरून बसला. हे कुणाला कळणार आहे? मिस्टर लोमॅक्स कुणाच्या दारात जाऊन बोलणाऱ्यांतले नव्हते. ओडिस खूश होता. मिस्टर ट्रस्कॉट खूश होते. किराणा दुकानातली रांग खूश होती. आणि पिवळा झगा.

तिने ओडिसला फोन लावला.

"ओडिस, मला काहीतरी सांगायचंय."

"उद्या जेवताना सांग ना! ट्रस्कॉट साहेब कागद घेऊन येतायत. मी खोलीतल्या सगळ्यांना सांगितलंय, कोचनाही सांगून आलो. आणि ऐक केझ, मी त्यांना म्हटलं, समिती गेली खड्ड्यात, माझ्या बहिणीने मोजलंय."

केझाया 'बरं' एवढंच म्हणाली. ओडिसला ते विचित्र वाटायला हवं होतं, पण आनंदात असलेल्या माणसाला तेवढं ऐकू येत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर मिस्टर ट्रस्कॉट आले. आईने टेबल भरून ठेवलं होतं. भाजलेलं डुकराचं मांस, मक्याचा पाव, चीज घातलेली मॅकरोनी, हिरव्या पाल्याची भाजी, बर्फ घातलेला गोड चहा. एकुलत्या एका मोकळ्या कोपऱ्यात कागदांची फाईल.

"मिस अर्लीन मॅम, असा स्वयंपाक अटलांटात मिळत नाही," मिस्टर ट्रस्कॉट म्हणाले.

"अटलांटात आया नसतात का?" आई म्हणाली. तिला ओडिसने पदवी घ्यायला हवी होती आणि ती हे दर रविवारी एकदा सांगून मोकळी होत असे. आजचं सांगून झालं होतं. "घ्या अजून. कागद पळून जात नाहीत."

"पळत नाहीत, मॅम, पण उद्या चारनंतर त्यांचा उपयोगही नाही." ते हसले, मग फाईलमधून एक कागद काढला. केझायाने लांबूनच ओळखला. चौकट होती, चौकटीला सावली होती. "आणि ज्यांच्या मनात किंतु आहे त्यांच्यासाठी, आपल्याच घरच्या तज्ज्ञ काय म्हणतात बघा. 'या वेगाचं पहिलं पाऊल दहा वर्षांत एखाद्यालाच लाभतं.'"

ओडिसने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. त्याचे दात दिसत होते. लहानपणी सायकल मिळाली तेव्हा दिसत होते तसे.

"ते पान चुकलंय," केझाया म्हणाली.

"काय गं?" आईने विचारलं.

"ते पान. म्हणजे आकडा बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे. हातसुद्धा चुकलाय, पण ते नंतर."

मिस्टर ट्रस्कॉट मंद हसले. "शेवटच्या क्षणी सगळ्यांनाच धडकी भरते, मिस केझाया. मोठमोठ्यांना."

"धडकी नाही, सर. मी दाखवते."

तिने मॅकरोनीचं भांडं सरकवून लॅपटॉप ठेवला. क्षणभर तिचं बोट आवाजाच्या बटणावर थबकलं, आणि मग पेटवे कुटुंबाच्या जेवणघरात दारात शेपटी अडकलेलं ते मांजर पूर्ण ताकदीने ओरडलं. मिस्टर ट्रस्कॉटच्या हातातला चहा डचमळला. आईने डोळे मिटून घेतले.

"हे तू..." ओडिस हसायला लागला.

"हसू नकोस. सेंटरची मान बघ." तिने चित्र थांबवलं. "मान वर. एक. आता तू. बघितलंस? आता हा बाहेरगावचा. ऐक किती शांत आहे. मान हललीच नाही. आता तू कुठंयस?"

ओडिस हसायचा थांबला. "परत लाव."

तिने परत लावलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतः लावलं.

"मान बघतो मी, हे मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "कोचनीच शिकवलंय. पण बाहेरगावी मी एवढा... मला वाटायचं हॉटेलच्या गाद्यांनी पाठ धरते."

"घरी सहा, बाहेर तेरा," केझाया म्हणाली. "मी बाहेरचे मोजलेच नव्हते. तळटिपेत टाकले होते."

"हे बघा," मिस्टर ट्रस्कॉट म्हणाले, "व्यावसायिक लीगमध्येही मैदानं गरजतात."

"गरजतात, सर. पण तिथले सेंटर कधी एकवर देतात, कधी तीनवर. नोव्हेंबरमध्ये एकाने असंच केलं आणि ओडिसला तीन दंड बसले. मी ते पंचांवर ढकलले होते. पान एकोणतीस."

ओडिस उठला, खुर्ची नीट आत सरकवली, कारण आईसमोर कितीही राग आला तरी खुर्ची आत सरकवावी लागे, आणि मागच्या अंगणात निघून गेला.

केझाया त्याच्या मागोमाग गेली. तो कुंपणाशी पाठ करून उभा होता.

"आधी सांगता आलं नाही?"

"काल फोन केला होता."

"काल! तीन आठवडे मी सगळ्या गावाला सांगत फिरतोय. अख्खा संघ, कोच, सगळे. तू माझ्या बाजूची आहेस ना? मग बाजूच घ्यायची होतीस! त्या माणसासमोर, आईसमोर..."

"मी बाजूच घेत होते," केझाया म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "इतकी घेतली की डोळ्यांना दिसेना. खरं सांगू? मला त्या दिवशी टीव्हीवर दिसायचं होतं. तुझ्या शेजारी. मी झगासुद्धा आणलाय."

"कसला झगा?"

"पिवळा."

ओडिसने वळून तिच्याकडे बघितलं. रागावून राहण्याचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला, हे तिला दिसलं. "पिवळा? टॅलूगाचे रंग लाल आणि पांढरा आहेत, केझ."

"मला पिवळा शोभतो."

तो कुंपणाच्या खांबाला टेकला. आत आईचा आवाज येत होता, मिस्टर ट्रस्कॉटना अजून पाव वाढणारा. ओडिस हाताची बोटं एकेक करून मोडत राहिला.

"बरं. मग तज्ज्ञ बाई, सांग आता. मी किती आहे? जाऊ का?"

कालपर्यंत या प्रश्नाला तिच्याकडे त्रेचाळीस पानांचं उत्तर होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने याआधी कधी वापरलेलं नव्हतं, त्यामुळे ते नव्या बुटासारखं चावलं. "समितीला माहीत असेल. लोमॅक्स सरांना असेल. मी फक्त काय दिसलं ते सांगू शकते."

"सांग."

"बाहेरगावी तू उशिरा सुटतोस. टॅकल तोवर तयार असतो, हात तुझ्या छातीवर. घरी असं होतच नाही, तू केव्हाच पलीकडे गेलेला असतोस, म्हणून दुसरी काही युक्ती तू शिकलाच नाहीस. एक पाऊल झालं की संपलं. पण ऑक्टोबरमध्ये, त्या दुसऱ्या बाहेरच्या सामन्यात, चौथ्या भागात तू खालून त्याचे दोन्ही हात उडवलेस आणि त्याला मागे रेटत रेटत क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवलंस. चौदाव्या चित्राला सुटून! मी ते पंधरा वेळा बघितलं. सबंध हंगामात तू असं दोनदाच केलंयस."

"तो? तो मी चिडलो होतो म्हणून. त्याने माझ्या आईवरून काहीतरी म्हटलं होतं."

"मग दर वेळी चिडायला शीक."

ओडिस हसला नाही, पण त्याने मान हलवली. केझायाला वाटलं आपण अजून काहीतरी बोलावं, काहीतरी शहाणपणाचं, शेवटचं. ती तोंड उघडणार तोच तिला कळलं की हे आता आपलं प्रकरण नाही. तिने तोंड मिटलं.

"एक वर्ष," ओडिस म्हणाला. "आई तर नाचेल."

"तुला वाईट वाटतंय."

"खूप." तो सरळ उभा राहिला. "उद्या सगळ्यांना जाऊन सांगायचं. तुझा भाऊ झालो म्हणून तुला वाचवणार नाहीये मी, पहिलं नाव तुझंच सांगणार."

"सांग," ती म्हणाली. "पानं पण दाखव. एकोणतीस नको दाखवू."

ते दोघं आत गेले. ओडिसने मिस्टर ट्रस्कॉटचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सर, तुम्ही लांबून आलात. तुमचे आभार. पण मी परत जातोय कॉलेजात. पुढच्या जानेवारीत तुम्हाला अजून वाटलं तर या."

मिस्टर ट्रस्कॉटनी एकदा ओडिसकडे बघितलं, एकदा केझायाकडे. चांगल्या माणसासारखं हसायचा त्यांनी प्रयत्न केला. "तुझ्या घरची तज्ज्ञ फार महागात पडली मला," ते म्हणाले. आईने त्यांना उरलेली मॅकरोनी कागदात बांधून दिली आणि मोटारीपर्यंत सोडायला गेली. परत येताना ती केझायाच्या डोक्यावरून, केस विस्कटतील इतका जोरात, हात फिरवून गेली.

दुपारी उन्हात ओडिसने अंगणात येऊन झाडूच्या दांड्याला चिकटपट्टीने एक जुना चेंडू बांधला आणि दांडा केझायाच्या हातात दिला.

"तू सेंटर. मान हलवायची नाही, मोजायचं नाही, वाटेल तेव्हा ओढ. आणि मोज."

तो खाली वाकला, तीन बोटं गवतावर टेकली. डोळे चेंडूवर. केझायाने श्वास रोखला. ओढावंसं वाटलं तेव्हा ओढला नाही, मग एकदम ओढला. ओडिस सुटला. कुंपणावर टेकवलेल्या तिच्या फोनने ते टिपलं, आणि ती गुडघ्यांवर बसून एकेक चित्र सरकवायला लागली. ओडिस तिच्या डोक्यावर वाकून उभा, घाम तिच्या मानेवर टपटपत होता.

"किती?"

तिने पुन्हा मोजलं. दहा म्हणावंसं फार वाटलं.

"चौदा," ती म्हणाली.

"चौदा," ओडिस म्हणाला, आणि परत जाऊन वाकला.